कन्यादानापर्यंत कोरडं व्हायचं होतं

ज्याने लघवीची पिशवी पहिल्यांदा बनवली, तो माणूस आयुष्यात कधी मांडी घालून जमिनीवर जेवायला बसला नसणार, याबद्दल माझी खात्री आहे. त्याच्या घरात खुर्ची असणार, टेबल असणार, कमोड असणार आणि कठडे असलेली लोखंडी कॉट असणार. पिशवीच्या वरच्या टोकाला जो प्लॅस्टिकचा हुक असतो, तो त्या कॉटच्या कठड्याला अडकवायचा असतो. आमच्या घरी दिवाण होता. दिवाण म्हणजे चारी बाजूंनी फळ्या ठोकलेली लाकडी पेटी, आत जादा गाद्या आणि पितळेची भांडी. त्याला हुक कुठे अडकवणार? दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी मी, माझी बायको आणि माझी थोरली बहीण असे तिघं त्या दिवाणाभोवती फिरत होतो आणि माझ्या हातात माझीच लघवी होती.

मी मुळात नळ्यांचाच माणूस. नव्वदच्या सुमारास नाशिकच्या आसपास द्राक्षबागांना ठिबक बसवायचं वेड आलं तेव्हा मी त्या धंद्यात शिरलो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या बागांमधून नळ्या अंथरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शेतकऱ्याला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचो, की नळी पाण्याला विचारून टाका. उतार कुठे आहे, हवा कुठे अडकेल, नळीला पीळ कुठे पडेल ते आधी बघा. पाणी तुमच्या सोयीने वाहत नाही. लोक ऐकायचे, काही ऐकायचे नाहीत, आणि मग मीच परत जाऊन दुरुस्त करायचो. असं आयुष्य काढलेल्या माणसाला नेमका हाच आजार व्हावा, यात वरच्याची काहीतरी खोडी असणार.

आजार तसा सरळ होता. सारखं लघवीला जावं लागतं म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, मग प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले आणि उत्तर आलं कॅन्सर. अजून बाहेर पसरलेला नाही, आत्ताच काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वर मूत्राशय, खाली लघवीचा मार्ग, मधली ग्रंथी काढली की दोन टोकं उरतात, ती एकमेकांना शिवायची. त्या शिवणीतून नळी घालून ठेवायची. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोट्या लिंबाएवढा फुगा, म्हणजे ती बाहेर निसटत नाही. शिवण भरून यायला तीन आठवडे.

‘काका, ही शिवण नीट भरली तर हळूहळू ताबा येईल,’ ते म्हणाले. ‘बिघडली तर गळती राहील. कदाचित कायमची.’

हे मला लगेच कळलं. पाइपाला सोल्युशन लावून जोड दिला की तो वाळेपर्यंत पाणी सोडायचं नसतं. फक्त पाइपाचा कॉक बंद करून बसता येतं, मूत्रपिंडाचा कॉक कुणाला सापडलेला नाही.

मरणाची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण माझी खरी भीती वेगळी होती. आमच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलेलं होतं, मार्गशीर्षात. माझं ऑपरेशन गणपती उठल्यावर. मधे जेमतेम तीन महिने. कन्यादानाला मला पांढरं धोतर नेसून पाटावर बसायचं होतं, सगळ्या भावकीसमोर आणि व्याह्यांसमोर, आणि एकदा बसलं की मधे उठता येत नाही. त्या दिवसापर्यंत मला कोरडं व्हायचं होतं. कॅन्सरचं पुढे जे व्हायचं ते होवो, माझं मागणं एवढंच होतं.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हिने पहिला निर्णय घेतला तो असा, की लग्नघर आहे, तेव्हा तो शब्द उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. लोकांना सांगायचं, मुतखड्याचं ऑपरेशन झालं. मीही हो म्हणालो. नाशिकमध्ये मुतखडा म्हणजे सर्दी झाल्यासारखा, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण त्याच कारणाने प्रत्येकाकडे त्यावर औषध असतं, हे आमच्या लक्षात आलं नाही.

झालं. घरात कुळथाच्या पुरचुंड्या येऊ लागल्या. शेजारीण रोज पानफुटीची पानं आणून द्यायची, रिकाम्या पोटी चावून खा म्हणायची. कुणी जवाचं पाणी, कुणी मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा. सकाळी कढण, दुपारी काढा, संध्याकाळी नारळपाणी, आणि जे जे पोटात जाई ते ते पिशवीत येई. पिशवी भरली की रिकामी करायची, म्हणजे बायकोला भांडं घेऊन जमिनीवर वाकायचं. तिच्या कमरेचे हाल. बरं, नको म्हणावं तर म्हणतात, ‘अहो, खडा परत होतो, माझ्या मेव्हण्याला झाला.’

वरून प्रत्येकाला खडा बघायचा असायचा. आमच्याकडे मुतखडा काढलेला माणूस तो खडा औषधाच्या बाटलीत ठेवतो आणि आल्यागेल्याला दाखवतो, तशी रीतच आहे. दिंडोरीकडचे एक बागाईतदार, माझं जुनं गिऱ्हाईक, टोपी काढून समोर बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, खडा लय मोठा व्हता का? दाखवा की.’

‘दवाखान्यात राहिला,’ मी म्हणालो.

‘आसं कसं? आपला खडा आपल्याला द्यायला पायजे. मी येऊ का संगं, मागून आणू.’

त्यांना वाटेला लावताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी आक्काने अंगणातली एक खडीची कपची धुऊन बाटलीत घातली आणि कपाटावर ठेवून दिली. लोक ती बाटली उजेडात धरून बघायचे, माना डोलवायचे आणि माझ्याकडे आदराने बघायचे. इतका मोठा खडा बाहेर काढायला माणूस फाडावाच लागला असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. आणि हे सगळं नाटक आम्ही ज्यांच्यासाठी करत होतो, त्या व्याह्यांकडच्यांना आमच्या मुलीने होणाऱ्या नवऱ्यामार्फत पहिल्याच आठवड्यात सगळं खरं कळवून टाकलं होतं. ते मला लग्नानंतर कळलं. आम्ही मात्र कुळीथ पीत बसलो.

पण मी सांगत होतो पिशवीचं. दिवाणाला हुक अडकेना म्हणून शेवटी बायकोने बादली आणली. बादलीच्या कडीला हुक अडकवायचा आणि पिशवी आत सोडायची. मग मी जाईन तिकडे बादली. अंगणात गेलो तर बादली, टीव्हीसमोर बसलो तर बादली. नळीची लांबी अशी, की झोपलं तर कूस बदलताना ओढ बसावी आणि उठून चाललं तर पायात यावी. पिशवीच्या तळाला रिकामी करायची तोटी. ती इतकी हलकी की पायाचा अंगठा लागला तरी उघडायची. आम्ही ठिबकला याहून स्वस्तातला व्हॉल्व्ह लावतो, तो बैलाने तुडवला तरी उघडत नाही. एवढ्या नाजूक कामासाठी माणसाला असली तोटी देताना त्या बनवणाऱ्याला काही वाटलं नसेल का?

संडासाची तर बोलायचीच सोय नाही. आमचा संडास उकिडवं बसायचा. पोटात टाके, आत फुगा, मांडीला चिकटपट्टीने बसवलेली नळी, आणि उकिडवं बसलं की नळीला नेमका गुडघ्याच्या वाकणात पीळ पडायचा. त्यात कुंथायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मी दाराची कडी धरून अर्धा उभा, अर्धा बसलेला, आणि दाराबाहेर बादली धरून बायको. आतून मी चिडून काहीतरी बोलायचो, बाहेरून ती म्हणायची, ‘माझ्यावर कशाला ओरडताय, मी बनवलीय का ती?’

सातपूरला माझ्या ओळखीचं एक छोटं वर्कशॉप होतं. तिथल्या मालकाला मी फोनवर सगळं समजावून सांगितलं आणि पिशवीसाठी एक बुटका लोखंडी स्टँड करून मागवला. पठ्ठ्याने तो केला, हिरवा ऑइल पेंट मारून पाठवला. दिसायला देखणा, पण वजन इतकं की मला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येईना, आणि टाके भरेपर्यंत जड उचलायचं नाही. तो स्टँड आमच्या तुळशीपाशी गेला. त्यावर कुंडी बसली. आम्ही पुन्हा बादलीवर आलो.

खरी गोम कुठे आहे ते मला या सगळ्यात समजलं. पिशवी माणसाच्या खाली असायला हवी. मूत्राशय वर, पिशवी खाली, मधे सरळ उतार, तरच लघवी वाहणार. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या खाली जागा असते. जमिनीवर बसणाऱ्याच्या खाली फरशी असते. आमचं जेवण खाली, पूजा खाली, आल्यागेल्याशी गप्पा खाली सतरंजीवर. मी खाली बसलो की नळीतलं पाणी जागच्या जागी थांबायचं. म्हणून मी दिवाणावर एकटा जेवू लागलो आणि बाकीचे खाली. रुसल्यासारखा दिसायचो. रुसलेला होतोही.

एवढं सगळं ज्याला समजतं, त्याच माणसाने पुढचा घोळ घालावा, याला काय म्हणावं?

व्याही इगतपुरीला रेल्वेत होते. एका रविवारी ते दोघं नवरा-बायको मला भेटायला आले. ‘येतो’ म्हणून निरोप आला तशी आक्काची धावपळ सुरू झाली. दिवाणावर नवी चादर, मला इस्त्रीचा सदरा, आणि बादली? व्याही चहा घेणार, पोहे खाणार आणि समोर बादलीत लघवीची पिशवी, तीही लालसर? आक्काने पिशवी उचलली, गादीवर माझ्या मांडीशेजारी ठेवली, त्यावर शाल पांघरली, शालीवर वर्तमानपत्र ठेवलं. ‘तासाभराचा प्रश्न आहे,’ ती म्हणाली. ‘बसतील आणि जातील.’

उतार गेला हे मला दिसत होतं. पण व्याह्यांच्या वाटेकडे सगळं घर डोळे लावून बसलेलं असताना ‘ती पिशवी खाली ठेवा’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्या म्हणीतला कोरडा पाषाण तरी व्हायला मिळालं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

आणि व्याही बसले. पोहे झाले, चहा झाला, इगतपुरीच्या पावसाने या वर्षी छपरं कशी कुजवली ते झालं, मानपानाचं झालं, मग विहीणबाई, सगळं ठाऊक असूनही, म्हणाल्या की खडा बघू. बाटली खाली आली. तोपर्यंत माझ्या ओटीपोटात कळा सुरू झाल्या होत्या. मी हसून बोलतोय आणि पाठीवरून घाम उतरतोय. व्याही म्हणाले, ‘तुम्हाला त्रास होतोय का? पडा जरा.’ मी म्हणालो, ‘छे छे, बसा ना.’ दुसरा चहा झाला. ते उठले तेव्हा नळीच्या कडेने सगळं बाहेर येऊन नवी चादर भिजली होती. संध्याकाळी मला हुडहुडी भरून ताप आला.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, नळी तपासली आणि काय झालं ते विचारलं. बायकोने सांगितलं. ते माझ्याकडे वळले. ‘काका, तुम्ही पाण्याच्या धंद्यातले ना?’

मी मान खाली घातली.

‘साठलेली लघवी उलटी आत ढकललीत तुम्ही. शिवणीवर ताण आला असेल. आता नळी अजून एक आठवडा ठेवावी लागेल, आणि शिवण कशी धरलीय ते नंतरच कळेल.’

घरी येताना रिक्षात मी आक्काला नको नको ते बोललो. ती रडली. मग मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला. लग्नाची तारीख सरकणार नव्हती आणि माझा एक आठवडा पोह्यांत गेला होता.

नळी निघाली त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. सिरिंजने फुग्यातलं पाणी ओढून घेतलं, डॉक्टर म्हणाले श्वास सोडा, आणि जळजळीत ओढीसरशी ती बाहेर आली. बोटाएवढी जाड, पिवळट, रबरी. एवढ्याशा वस्तूने घर वेठीला धरलं होतं. मी उभा राहिलो आणि उभ्या उभ्या माझ्या पायांवरून धार खाली आली. मला कळलंही नाही, आधी ऐकू आलं. सिस्टरने फडकं टाकलं आणि म्हणाली, सगळ्यांना होतं. पिशवीला एवढ्या शिव्या दिल्या, पण ती असताना निदान चड्डी कोरडी होती. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरं काय.

आता प्रश्न आला ओल टिपणाऱ्या पट्ट्यांचा. पुरुषांसाठी असलं काही तेव्हा आमच्या भागात मिळायचं नाही. औषधाच्या दुकानात मोठ्या माणसांचे डायपर होते, ते घातले की विजारीत उशी कोंबल्यासारखं दिसायचं. दुकानदाराला बायकांच्या पट्ट्या मागितल्या तर त्याने इकडेतिकडे बघून त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मग काळ्या पिशवीत घातल्या, आणि हळूच विचारलं, ‘वहिनींसाठी ना?’ मी हो म्हणालो. माझ्या बायकोची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी मला घाम फुटला.

त्या पट्ट्या मला नीट बसेनात. तेव्हा बायकोने ट्रंकेतून आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या. धुऊन धुऊन तलम झालेल्या. त्यांच्या घड्या घालून तिने मला पट्ट्या शिवून दिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते शिकवलं. एवढंच नाही, सगळी विद्याच शिकवली. बाहेर जाताना गडद रंगाची पॅन्ट. हातातल्या पिशवीत एक जास्तीची घडी, वर रुमाल. कुणाकडे गेलं तर फिक्या रंगाच्या सोफ्यावर बसायचं नाही, लाकडी खुर्ची बघायची. बसताना सदरा मागून ओढून घ्यायचा. आणि उठल्यावर आधी घरच्या माणसाला विचारायचं, मागे बघ, काही दिसतंय का.

‘हे तुला कुणी शिकवलं?’ मी विचारलं.

‘कुणी म्हणजे? सगळ्याच जणींना येतं,’ ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

म्हणजे इतकी वर्षं ही माझ्यासोबत लग्नामुंजींना, गावोगाव हे सगळं सांभाळत फिरत होती आणि मी पुढे चालत ‘आवर लवकर’ म्हणत होतो. मला थोडी लाज वाटली. पण जास्त वाटला तो वैताग, की साठीला आलेल्या माणसाला ही शाळा नव्याने शिकायची वेळ यावी.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. लघवी मधेच थांबवताना जे आवळतो, ते दिवसभर आवळायचं आणि सोडायचं. मी माझ्या ठिबकच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना आवळायचो, आरतीला आवळायचो, बायको काही सांगत असली की आवळायचो. ‘तुमचं लक्ष कुठंय?’ ती विचारायची. दिवाळीपर्यंत थोडा फरक पडला. बसल्या जागी कोरडा राहू लागलो. शिंकलो, खोकलो, हसलो की जायची. हसण्यासारखं त्या दिवसांत फार काही नव्हतं, हे एक बरं.

पण एक गोष्ट काही जमेना. नळ सोडल्याचा आवाज आला की माझं सगळं आवळलेलं सुटायचं. ज्याला हे झालंय त्याला सांगायला नको. पाण्याची धार पडताना ऐकली की आतलं पाणी तिला ओ देतं. आणि कन्यादान म्हणजे काय? खाली काशाचं भांडं, त्यावर मुलीची ओंजळ, तिच्यावर जावयाची, वर माझी, आणि बायकोने झारीने माझ्या ओंजळीत पाण्याची धार धरायची, मंत्र संपेपर्यंत. ज्याने लघवीची पिशवी बनवली आणि ज्याने हा विधी ठरवला, ते दोघं मिळून माझ्या मागे लागले होते.

आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. दार लावून मी पाटावर बसलो आणि बायकोने तांब्याने पाणी ओतलं. पहिल्याच धारेला मी गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बायकोने ओतायचा हात अगदी खाली आणला, आवाज होऊ नये म्हणून. थोडा टिकलो. मग गेलो. ती पुसत होती आणि मी पाटावर बसून होतो, आणि मला एकाएकी रडू आलं. रडताना आणखी गेली. ती फडकं पिळून आली आणि पुन्हा पुसायला लागली.

मी डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, लग्नाच्या एका दिवसापुरती नळी परत घाला. ज्या नळीला मी महिनाभर शिव्या दिल्या, तिच्यासाठी हात जोडले. डॉक्टर हसले. ‘आणि फोटोत पिशवी कुठे लपवणार? पुन्हा मांडीवर?’ मग गंभीर होऊन म्हणाले, शिवणीतून उगाच नळी घालणार नाही, मेहनतीवर पाणी पडेल. रंगीत कद नेसायचा विचार केला, तर रेशीम भिजलं की लांबून दिसतं. शेवटी माझ्या धाकट्या भावाने स्वतःहून सांगितलं, ‘दादा, आम्ही दोघं बसतो कन्यादानाला. काका-काकूंनी केलं तर चालतं.’ बिचारा मनापासून बोलला. मी हो म्हणालो आणि उठून अंगणात गेलो.

मुलीला हे कळलं तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘पप्पा, काका बसणार?’

‘हो. माझ्या पोटाला अजून त्रास होतो बसायला.’

‘बरं,’ ती म्हणाली. तिने वाद घातला असता तर मी भांडलो असतो. ती नुसती बरं म्हणाली आणि बांगड्यांचं माप द्यायला निघून गेली. संध्याकाळी मी भावाला जाऊन सांगितलं की मीच बसणार, काय व्हायचं ते होऊ दे.

लग्न दिंडोरी रोडवरच्या एका कार्यालयात होतं. बायकोने मला साडीच्या घड्यांवर घड्या बांधून वरून धोतर नेसवलं. चालताना मी बदकासारखा दिसत असणार. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कुणी सरबत पुढे केलं की मी त्याच्यावर डाफरायचो. आणि गुरुजी असे भेटले, की त्यांच्या हातात माईक. एकेक मंत्र म्हणायचा, मग त्याचा अर्थ मंडपाला समजावून सांगायचा, मग त्यावर एक छोटी गोष्ट. मी पाटावर आवळून बसलेलो आणि गुरुजी सांगताहेत की कन्यादान हे सर्व दानांत कसं श्रेष्ठ. ‘गुरुजी, जरा आवरतं घ्या,’ मी म्हणालो. ते माईकवरून सगळ्यांना म्हणाले, ‘वधूपित्याचा कंठ दाटून आला आहे.’

मग झारी आली. बायकोने ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. खाली मुलीची मेंदीची ओंजळ होती. पाणी पडायला लागलं. मी आवळलं, दात आवळले, डोळे मिटले. मग मला आवळायचं भानच राहिलं नाही. माझ्या हातातून पाणी जावयाच्या हातात, त्याच्या हातातून माझ्या मुलीच्या हातात पडत होतं आणि मी तेवढंच बघत होतो. धार किती वेळ चालली ते मला सांगता येणार नाही.

विधी संपला. अंगात घाम, मांडीवर झारीचं सांडलेलं पाणी, आणि त्याखाली काय आहे ते मला काही केल्या कळेना. मागे सगळा मंडप. गुरुजी म्हणाले, उठा. मी उठेना. बायकोकडे वळून मी पुटपुटलो, ‘मागे बघ.’

ती वाकली, माझ्या पाठीशी काहीतरी सारखं केल्यासारखं केलं आणि कानाशी म्हणाली, ‘काही नाही. कोरडं आहे. चला.’

मी उठलो. ताठ उभा राहिलो. व्याह्यांची गळाभेट घेतली, फोटोला उभा राहिलो, पंगतीत जाऊन जिलबीचा आग्रह केला. कितीतरी महिन्यांत मी असा माणसांतून हिंडलो नव्हतो. बायको सारखी माझ्या मागे मागे होती. एकदा मी तिला म्हणालो, ‘पाठीला काय चिकटलीस, पाहुणे बघ,’ तर ती हो म्हणाली आणि तशीच मागे राहिली.

मग कपडे बदलायला खोलीत गेलो आणि धोतर सोडलं. मागच्या बाजूला ताटाएवढा पिवळट ओला डाग होता. वाळत आलेली कडा दिसत होती, म्हणजे पाटावरचाच. मी धोतर हातात धरून उभा राहिलो. किती लोकांनी पाहिलं असेल, कोण काय म्हणालं असेल, सगळं एकदम डोक्यात आलं.

‘कोरडं आहे म्हणालीस,’ मी म्हणालो. ‘खोटं बोललीस माझ्याशी.’

‘खरं सांगितलं असतं तर उठला असतात का?’ तिने विचारलं.

नसतो उठलो. मंडप रिकामा होईपर्यंत, मुलगी सासरी जाईपर्यंत त्या पाटावर तसाच बसून राहिलो असतो. तिने माझ्या हातातलं धोतर घेतलं, पिशवीत कोंबलं आणि काळी पॅन्ट पुढे केली. म्हणाली, लवकर आवरा, पाठवणीची वेळ होत आली.